मुद्दल काही हलेना

जगात सावकाश चालणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. दिवाणी दावा सावकाश चालतो, सोसायटीच्या पुनर्विकासाची फाइल सावकाश चालते, आणि कोकणातल्या वडिलोपार्जित जमिनीच्या सात-बाऱ्यावर नाव चढेपर्यंत कधीकधी नावाचा मालकच वर चढलेला असतो. पण या सगळ्यांना मागे टाकील असा एक सावकाशपणा आहे. तो म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या, बैठे काम करणाऱ्या आणि भातावर मनापासून प्रेम असलेल्या गृहस्थाचे वजन उतरण्याचा. दाव्याला निदान पुढची तारीख तरी मिळते.

निष्काम कर्माचा उपदेश आम्हा बँकवाल्यांना एरवी जड जात नाही. कर्म थोडे झाले काय, फार झाले काय, फळ महिनाअखेरीला खात्यात जमा होतेच. ज्याचे फळ ठरल्या तारखेला येते त्याने फळाची आशा सोडण्यात काही मोठा पुरुषार्थ नाही. वजनाच्या बाबतीत मात्र ही सोय नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर लिहिले होते : आंबा, चिकू, सीताफळ, केळे जपून. महिना मे होता. फळाची आशा सोडावी हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते इतके शब्दशः घ्यायचे असते याची कल्पना नव्हती.

तर प्रश्न असा. माणसाने रोज करावे, मनापासून करावे, आणि दिसावे काहीच नाही, तर दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने कशाच्या जोरावर उठावे? वरवर पाहता हा पोटाचा प्रश्न आहे. थोडा खरवडला की तो जन्माचाच निघतो. वर्गातल्या शेवटच्या बाकाला वर्षानुवर्षे पाढे शिकवणाऱ्या मास्तरांचा तो प्रश्न आहे, वयात आलेल्या मुलाला ओला टॉवेल पलंगावर टाकू नको म्हणून रोज सांगणाऱ्या आईचाही तोच आहे. पण मास्तर आणि आई यांच्यापुढे आकडा दाखवणारे यंत्र नसते म्हणून त्यांचे निभावून जाते. माझ्यापुढे ते रोज सकाळी न्हाणीघराच्या दाराशी असते.

पहिला आठवडा मात्र फार गोड जातो, साखर बंद असली तरी. मी ठाण्याच्या तलावपाळीला सकाळच्या फेऱ्या सुरू केल्या, रात्रीचा भात सोडला, आणि सातव्या दिवशी काट्यावर उभा राहिलो तर शहाऐंशीचे चौऱ्याऐंशी! घरात आनंदीआनंद झाला. सौ.ने ते शेजारी सांगितले, शेजारणीने जिन्यात सांगितले, आणि संध्याकाळपर्यंत वाण्याने मला "साहेब, तब्येत बरी नाही का?" असे विचारून ती बातमी मला परत केली. माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. आठवड्याला दोन किलो या दराने पुढच्या बेचाळीस आठवड्यांत मी संपूर्ण नाहीसाच होणार होतो. विम्याचे कागद कुठे आहेत ते मी सौ.ला दाखवूनही ठेवले.

मग पुढचे आठवडे आले. चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी पूर्णांक दोन. त्र्याऐंशी पूर्णांक नऊ. पुन्हा चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशीचा फेरा चुकावा म्हणून संतांनी आयुष्ये का वेचली ते मला न्हाणीघराच्या दाराशी उभ्या उभ्या कळले.

या प्रकाराचा उलगडा शास्त्रात आहे, आणि तो आमच्या धंद्याच्या भाषेत सांगितला तर चटकन कळतो. शरीर यकृतात आणि स्नायूंत थोडी साखर साठवून ठेवते. तिला ग्लायकोजेन म्हणतात. ही गल्ल्यातली चिल्लर. तिच्या एकेका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे कमी झाले की शरीर आधी ही चिल्लर मोडते, बांधलेले पाणी सुटते आणि काटा धावतो. पहिल्या आठवड्याच्या त्या दोन किलोंत बराचसा भाग असा पाण्याचा होता. चरबी ही मुदत ठेव. तिला हात लावायचा म्हटले की शरीर आमच्या निवृत्त खातेदारांसारखे चष्मा काढून आपल्याकडे बघू लागते.

बरे, ही ठेव केवढी? एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी भरलेल्या असतात. आमच्यासारखा गडी तासभर भराभर चालला तर तीनशेच्या आतबाहेर कॅलरी खर्च होतात. म्हणजे बाकी सगळे जसेच्या तसे राहिले तर महिनाभर रोज तास तास चालावे तेव्हा कुठे एक किलो सुटणार. आणि बाकी सगळे जसेच्या तसे राहत नाही. परतीच्या वाटेवर वडापावची गाडी असते, आणि तिथला एक वडापाव तासाभराची सगळी कमाई पाच मिनिटांत वळती करून घेतो. त्यात शरीरही काही भोळे नाही. वजन थोडे उतरले की हलक्या देहाला इंधन कमी लागते, आणि वरून शरीर काटकसर करू लागते ती वेगळीच. उत्पन्न घटले की गृहिणीने चहात दूध कमी करावे, तसे.

हा हिशेब एकदा मांडला की विजेच्या खांबावरच्या जाहिराती निराळ्या दिसू लागतात. 'तीस दिवसांत दहा किलो घटवा!' दहा किलो म्हणजे सत्त्याहत्तर हजार कॅलरी, भागिले तीस. रोज अडीच हजारांहून जास्त झाल्या! बैठ्या गृहस्थाचा अख्ख्या दिवसाचा खुराकच दोन हजार-बावीसशेचा. म्हणजे महिनाभर अन्नाचा कण घेतला नाही तरी जमा बाजू पुरी पडत नाही. दामदुपटीचे आमिष दाखवणाऱ्या पेढ्या बुडतात त्या याच गणितात. लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थाने १८६३ साली आपण वजन कसे उतरवले याची एक पुस्तिका छापली आणि ती तुफान खपली. त्याने वर्षभरात शेहेचाळीस पौंड घटवले होते. एवढे गाजलेले उदाहरण, पण सरासरी काढली तर आठवड्याला एक पौंडसुद्धा पुरता भरत नाही. या गृहस्थाचा धंदा अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा होता. आपली पेटी किती रुंद लागेल हे ज्याला रोज दिसत होते त्याचाही वेग एवढाच!

पण लोकांना सरासरी सांगून उपयोग नसतो. तुम्ही वजन उतरवीत आहात हे कळले की प्रत्येकाकडे एक उपाय असतो आणि त्या उपायाचा लाभ झालेला एक इसम असतो. हा इसम कधीही समोर नसतो. तो साडू असतो, साडूचा मित्र असतो, नाशिकला असतो. कोणी सकाळी कोमट पाण्यातून मध-लिंबू घेऊन बारा किलो उतरलेला असतो, कोणी नुसती दुधीचा रस घेऊन. आमच्या शाखेतला शिपाई म्हणाला, "साहेब, गावाला या एकदा भातलावणीला. आठ दिवसांत पोट गुडघ्याला टेकंल." या एका उपायाची सत्यता मला मनोमन पटली, म्हणूनच मी तो विषय पुढे वाढवला नाही.

खरी गंमत अशी की चरबी जेव्हा जाते तेव्हा ती कुठे जाते हेसुद्धा आपल्याला दिसत नाही. मी समजत होतो की ती घामावाटे वाहते, म्हणून पंखा बंद करून चालावे असे मानणारा एक पंथही आहे. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी याचा हिशेब छापला. दहा किलो चरबी जळाली तर तिच्यातले आठ किलो चारशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात; उरलेले पाणी. म्हणजे माझ्या चरबीचा मोठा वाटा मी रोज काउंटरवर बसून, खातेदारांच्या तोंडावर सोडीत असतो. ना पावती, ना सही. इतका गुपचूप होणारा व्यवहार मी माझ्या नोकरीत दुसरा पाहिलेला नाही.

आता त्या काट्याविषयी. आमच्या लहानपणी रेल्वे स्थानकावर वजनाचे मोठे यंत्र असे. नाणे टाकले की आत रंगीत दिवे लुकलुकत, एक चक्र गरगरे आणि खटकन जाड पुठ्ठ्याचे तिकीट खाली पडे. त्याच्या एका अंगाला वजन आणि दुसऱ्या अंगाला भविष्य. वजन काहीही येवो, भविष्य उज्ज्वलच असे. 'तुमच्या कष्टाचे चीज होईल' असे काहीसे छापलेले तिकीट घेऊन माणूस समाधानाने लोकलमध्ये चढे. आताच्या काचेच्या काट्यावर दशांशापर्यंत वजन कळते, पण मागची बाजू कोरी. मला वाटते, आपण भविष्य काढून टाकले आणि दशांश घेतला, हा सौदा आपल्याला फारसा फायद्याचा पडलेला नाही.

आणि तो दशांश तरी कशाचा? माणसाचे वजन एका दिवसात एक-दोन किलो सहज खालीवर होते. रात्री लोणचे-पापड झाले की मीठ पाणी धरून ठेवते आणि सकाळी काटा चढतो. त्यात चरबीचा संबंध नसतो. हे ज्याने सर्वांत चिकाटीने पाहिले तो इटलीतल्या पादुआचा वैद्य सांतोरिओ. या बहाद्दराने एका मोठ्या तागडीला खुर्ची टांगली आणि तिच्यात बसून जेवण, झोप, काम यांच्या आधी आणि नंतर स्वतःला तोलले. पोटात गेलेले तोलले, बाहेर पडलेलेही तोलले. हा उद्योग त्याने तीस वर्षे केला आणि १६१४ साली त्यावर पुस्तक लिहिले. खाल्ल्याप्यालेल्यातला निम्म्याहून अधिक भाग नकळत, डोळ्यांना न दिसता, शरीरातून निघून जातो, हा त्याचा मोठा शोध. तीस वर्षे काट्यावर बसून वैतागल्याची नोंद त्याच्या नावावर नाही. कारण उघड आहे. तो काट्याला फक्त 'किती?' एवढेच विचारीत होता. आपण विचारतो, 'मी चांगला माणूस आहे का?' या प्रश्नाचे उत्तर किलोत कसे यावे?

इथपर्यंत माझे मन मी समजावले होते. पण आमचे हेड कॅशिअर आडवे आले. हे गृहस्थ साठीला टेकले आहेत, दुपारच्या डब्यात रोज चार पोळ्या आणि गुळाचा खडा खातात, आणि वजन छप्पन्न. अशी माणसे देव कशासाठी निर्माण करतो ते एक त्यालाच ठाऊक. ते चहा पिता पिता म्हणाले,

"किती दिवस झाले रे, काटा हलला नाही त्याला?"

"होत आले तीन महिने."

"मग एनपीए झालं की ते खातं! नव्वद दिवस हप्ता आला नाही तर आपण काय करतो? कितीही मोठा कर्जदार असो, कितीही गोड बोलो. तू रोज सकाळी तासभर टाकतोयस आणि येणे शून्य. असल्या खात्यात आणखी रक्कम घालणाऱ्या मॅनेजरला ऑडिटर काय म्हणेल?"

हा विनोद होता, पण तो माझ्या जेवणाच्या डब्यात बराच वेळ बसून राहिला. कारण यात तथ्य आहे. चिकाटीची स्तुती सगळेच करतात. चिकाटी आणि हेका यांच्या मधली रेघ कुठे आहे ते कोणी सांगत नाही. बारा वर्षे एकाच परीक्षेला बसणारा चिकाटीचा की हेकट? पास झाला तर चिकाटीचा, नापास झाला तर हेकट. म्हणजे तिथेही निकाल फळानेच दिला. मग फळ येईपर्यंत माणसाने स्वतःला काय समजावे?

याचे उत्तर मला वेदान्तात नाही, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात सापडले. हिशेब ठेवण्याच्या दोन रीती असतात. एक रोखीची : पैसा हातात पडेल तेव्हा जमा लिहा. दुसरी उपार्जनाची : ज्या दिवशी कमावले त्या दिवशी जमा लिहा, पैसा येवो तेव्हा येवो. मुदत ठेवीवरचे व्याज हातात पडते मुदतीअंती किंवा तिमाहीला, पण ते साचत असते रोज, रविवारीसुद्धा, बँकेला टाळे असतानाही. पासबुकात ओळ उमटली नाही म्हणून व्याज थांबलेले नसते. दुसरी रीत समजली की पहाटेची फेरी संपवून घरी येणारा माणूस त्या दिवसापुरता फायद्यात असतो. काटा काय म्हणतो ते काट्याकडे.

मी हे मोठ्या उत्साहाने हेड कॅशिअरना सांगितले. त्यांनी शांतपणे गुळाचा खडा तोंडात टाकला.

"अरे, पण एनपीए झाल्यावर आधी जमा दाखवलेलं व्याजसुद्धा उलटवावं लागतं! न आलेलं उत्पन्न कागदावर दाखवत बसणं, यालाच तर लबाडी म्हणतात. पुष्कळ बँका त्यानंच बुडाल्या."

चाळीस वर्षे नोटा मोजलेला माणूस असा सहजासहजी हरत नाही. त्यांचे म्हणणे खरेच होते. आशेला कागद लागत नाही, आणि नुसत्या आशेवर माणूस वर्षानुवर्षे न आलेले उत्पन्न जमा लिहू शकतो. तेव्हा नव्वद दिवसांनी खाते उघडून पाहिलेच पाहिजे. मीही रीतसर रक्त तपासून घेतले.

इथे थोडे मागे जाऊन सांगितले पाहिजे की मी चालायला लागलो तो जुन्या पॅंटींसाठी नव्हे. आमच्या घरात मधुमेह आहे. वडिलांना तो पन्नाशीत लागला. अखेरच्या काळात त्यांच्या पायाला एक जखम झाली आणि ती भरेना. आई रोज ड्रेसिंग करी. रोज वडील मान वाकडी करून विचारीत, "काही फरक?" आणि आई म्हणे, "आहे की थोडा." फरक नसायचा. मला तो दिसत नसे, तिला तरी काय दिसणार! पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी उकळलेले असे, पुन्हा कापूस, पुन्हा "आहे की थोडा." सहाव्या महिन्यात जखम भरली. ती नेमकी कोणत्या दिवशी भरली असे विचारले असते तर घरातल्या एकालाही सांगता आले नसते.

त्यामुळे डॉक्टरांनी वर्षाच्या आरंभी माझी साखर हद्दीवर आहे असे सांगितले तेव्हा मला वजनाचा आकडा नव्हे, तो कापूस आठवला. एचबीएवनसी नावाची एक तपासणी असते. रक्तातल्या साखरेची साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी ती सांगते. आमच्याकडे खात्यात तिमाहीची सरासरी शिल्लक बघतात ना, तोच प्रकार. आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही, जसे ३१ तारखेला मेहुण्याकडून उसने आणून सरासरी शिल्लक वाढत नाही. माझा आकडा ६.२ होता. तीन महिने वजन हललेले नाही अशा स्थितीत तो पुन्हा काढला. ५.८ आला.

डॉक्टर म्हणाले, "चांगलं आहे." मी म्हणालो, "पण वजन?" ते म्हणाले, "वजनही उतरेल. पण तुम्ही वजनासाठी आला होतात की साखरेसाठी?"

नंतर कळले की यात नवल काहीच नव्हते. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या हद्दीवर असलेल्या ५३१ माणसांचा अभ्यास केला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना विशेष काही सांगितले नव्हते अशांपैकी तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना रोज चालायला आणि खाणे सांभाळायला लावले होते त्यांच्यात हे प्रमाण ३९ वर आले. आणि या दुसऱ्या गटाचे वजन? ते जवळजवळ होते तिथेच राहिले! कल्पना करा, त्या माणसांपैकी कितीजण तीन वर्षे काट्याकडे पाहून सुस्कारे टाकीत असतील. त्यांचे फळ दुसऱ्याच खात्यात जमा होत होते आणि ते आपले चुकीच्या खिडकीसमोर पासबुक घेऊन उभे. अमेरिकेत २००२ साली अशीच एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे वजनही उतरले आणि मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. दोन देशांतली माणसे निराळी, तेव्हा तुलना जपून करावी. वजन उतरणे निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. इतकेच, की एकाच खात्याकडे डोळे लावून बसलेल्याला आपली सगळी मिळकत कळत नाही.

मला वाटते, फळाची आशा सोडा या उपदेशाचा आम्हा कारकुनांना झेपेल असा अर्थ हाच असावा. फळ नसतेच असे कोणी म्हटलेले नाही. ते कोणत्या खात्यात आणि कोणत्या तारखेला जमा होईल ते ठरवणे आपल्या टेबलावर नाही. ज्यांनी गीतेतला कर्मयोग मराठी माणसाला समजावून सांगितला त्या लोकमान्यांचेच पाहा. डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले. त्या वर्षाच्या जमाखर्चात परीक्षेच्या बाजूने पाहिले तर खोटच. ते वर्ष जमा कुठे झाले ते पुढे १९०८ ते १९१४ या मंडालेच्या तुरुंगवासात कळले असेल. तिथेच 'गीतारहस्य' लिहिले गेले आणि १९१५ साली छापून आले. व्यायामाच्या त्या वर्षात कोणी त्यांना 'काही फरक?' विचारले असते तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. पण त्यांचा स्वभाव पाहता मी तरी विचारायला गेलो नसतो.

आता हेड कॅशिअरांचे देणे चुकते करतो. चिकाटी आणि हेका यांत फरक आहे, आणि तो तपासणीत आहे. हेकट माणूस खाते उघडून बघत नाही. त्याला भीती वाटते. चिकाटीचा माणूस ठरल्या दिवशी बघतो, रोज रोज मात्र बघत नाही. नव्वद दिवसांनी काहीच कुठेच हलले नसेल, ना साखर, ना रक्तदाब, ना जिना चढतानाची धाप, ना पट्ट्याचे भोक, तर डॉक्टरांना विचारावे, खाण्याची वही पुन्हा पाहावी, रीत बदलावी. कर्जाची सुद्धा आपण फेररचना करतोच की! आणि मधल्या काळात नोंद फक्त एका गोष्टीची ठेवावी : आज केले की नाही. यात मात्र खोटे व्हाउचर चालणार नाही. न चाललेल्या दिवसाला 'चाललो' लिहिणारा कोणाला फसवतो हे मी लिहायला नको.

राहिला उत्साहाचा प्रश्न. पुष्कळांचे म्हणणे असे की आधी उत्साह पाहिजे, मग सगळे होते. माझा अनुभव उलटा आहे. उत्साह हा पाहुणा आहे. येतो तेव्हा पेढे आणतो, नवे बूट घ्यायला लावतो, आणि आठ दिवसांत त्याला गावाकडे काम निघते. सवय ही जुन्या चाळीतल्या पागडीच्या भाडेकरूसारखी. आत यायला वेळ लावते, पण एकदा शिरली की मालकाने डोके आपटले तरी निघत नाही. पाहुण्याच्या भरवशावर घर बांधू नये. पंढरीचा वारकरी बघा. आळंदीपासून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पहिल्याच दिवशी तो 'अजून केवढे राहिले' म्हणून मोजत बसला तर दिवेघाटाच्या पायथ्यालाच टाळ खाली ठेवील. तो आजच्या मुक्कामापुरते चालतो. आणि आश्चर्य असे की पंढरपूर दर वर्षी येतेच. एकादशीच्या आतच येते.

मीही आता आजच्या मुक्कामापुरते चालतो. काट्याला महिन्यातून एकदाच भेटायचे असे ठरवले आहे. खात्याचा उतारा घ्यायला तेवढे पुरते. गेल्या खेपेला त्र्याऐंशी पूर्णांक एक होते. फार काही नाही, पण चौऱ्याऐंशीचा फेरा सुटला. बाकी नोंद भिंतीवरच्या कालनिर्णयात असते. चाललो त्या दिवशी काही नाही, चुकलो त्या दिवशी चौकटीत एक फुली. सौ.ची दुधाच्या खाड्यांची फुलीही त्याच चौकटीत असते आणि आमच्या फुल्या दिसायला सारख्या. परवा महिनाअखेरीला दुधाचा हिशेब करताना ती म्हणाली,

"अहो, या महिन्यात सात खाडे दिसतायत. दूधवाला म्हणतो चारच."

"मग तीन माझे असतील."

तिने पेन्सिल कानावर ठेवली, कालनिर्णयाचे आधीचे पान उलटून पाहिले आणि पुन्हा पुढचे पाहिले.

"मागच्या महिन्यात पाच होते तुमचे," ती म्हणाली, आणि दूधवाल्याचे पैसे मोजायला लागली.